न दिसणारी ज्योत



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आपल्या सरांच्या हाताखाली मी उमेदवारी केली. त्यामुळे आजचे पुष्प गुंफायला उभा राहताना घसा दाटून येतो आहे, तेवढे सांभाळून घ्या.

सरांनी मला पहिल्या दिवशी ज्योत लावायला शिकवले. ऑफ सीझनचे दिवस होते. साखर कारखान्यांचे झिजलेले शाफ्ट शेडबाहेर ओंडक्यांसारखे रचलेले असत. सकाळी शटर वर गेले की सर आधी ॲसिटिलीनचा कॉक थोडा सोडत आणि लायटर मारत. पिवळी, काजळीच्या धाग्यांची ज्योत भुरभुरत उठे. मग ऑक्सिजन हळूहळू वाढवत. पांढरट पिसासारखी झालर आखडत आखडत टोकाकडे सरके आणि एका क्षणी आतल्या निळसर शंकूत मिसळून जाई. "हां, इथं थांब," सर म्हणत. "ही न्यूट्रल. थोडा पुढं गेलास तर धातू जाळशील, थोडा मागं राहिलास तर काजळी घालशील." ही नजर बसायला मला दोन वर्षे लागली. अजूनही ज्योत दिसली की हात आपोआप नॉबकडे जातो.

आज ज्या ज्योतीबद्दल बोलणार आहे, ती दिसतच नाही. हायड्रोजनची ज्योत. सरांच्या नजरेचा तिथे काही उपयोग नाही आणि तरीही सर असते तर त्यांनी ती वापरली असती, असे मला मनापासून वाटते. का, ते सांगायला मी आलो आहे.

सभागृहातल्या सगळ्यांनाच आमचा धातूचे थर चढवण्याचा धंदा ठाऊक असेल असे नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. झिजलेल्या भागावर नवा थर चढवायचा, किंवा नव्याच भागाला झिजू नये म्हणून कवच घालायचे. त्यासाठी धातूची तार किंवा पावडर ज्योतीत सोडतात. ती वितळते किंवा मऊ होते, वायूच्या झोताबरोबर सुटते आणि समोरच्या पृष्ठभागावर आदळते. प्रत्येक कण थालीपीठ थापावे तसा चपटा होतो आणि गार होतो. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. असे लाखो कण बसले की थर तयार होतो. कारखान्यात याला कोणी मेटलायझिंग म्हणतो, कोणी मेटल स्प्रे, कोणी नुसतेच 'शाफ्ट भरून घेणे'.

या कामाचा जनक म्हणून स्वित्झर्लंडच्या माक्स उलरिख शूप यांचे नाव घेतात. झुरिकमध्ये १९०९ ते १९१२ या काळात त्यांनी वितळलेला धातू फवारण्याच्या पद्धती बसवल्या आणि तार वितळवून उडवणारी पिस्तुलासारखी गनही केली. आपली मुले खेळण्यातल्या बंदुकीने बागेच्या भिंतीवर शिशाच्या गोळ्या मारताना आणि त्या गोळ्या भिंतीवर चपट्या होऊन चिकटताना पाहून त्यांना ही कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यात या कामाचे मर्म आहे. गोळी चिकटली ती वेगामुळे. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

शूप यांच्याही आधी हायड्रोजनच्या ज्योतीतून पावडर सोडण्याचे काम एका माणसाने केले होते आणि त्याच्याबद्दल मला फार ममत्व आहे. पॅरिसचे रसायनशास्त्रज्ञ ऑग्यूस्त व्हेर्नय. १९०२ साली त्यांनी कृत्रिम माणिक बनवण्याची रीत जाहीर केली. वर एक डबी, तिच्यात ॲल्युमिनाची अगदी बारीक, शुद्ध पावडर आणि तिच्यात किंचित क्रोमियम. एक छोटी हातोडी डबीवर टकटक करते. प्रत्येक टकटकीला चिमूटभर पावडर ऑक्सिजनच्या धारेबरोबर खाली उतरते, हायड्रोजनच्या ज्योतीतून जाताना वितळते आणि खाली ठेवलेल्या टोकावर थेंब होऊन बसते. थेंबावर थेंब बसत जाऊन पेअरच्या आकाराचा एक लाल गोळा वाढतो. काही तासांत माणिक तयार. मनगटी घड्याळांत 'सतरा ज्वेल्स' असे लिहिलेले असे, त्या बेअरिंगांतले माणिक बहुतेक याच रीतीचे.

या रीतीत हायड्रोजनच का? ॲल्युमिना वितळते सुमारे २,०५० अंशांना. हायड्रोजन ऑक्सिजनबरोबर जळतो तेव्हा तापमान २,७०० ते २,८०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते, म्हणजे उष्णता पुरेशी. पण खरी गोष्ट वेगळी. या ज्योतीत कार्बन नाही. जळून फक्त पाण्याची वाफ होते. माणकाच्या पोटात काजळीचा एक कण गेला तरी तो दगड वाया. हायड्रोजनच्या स्वच्छतेची किंमत इथे कळते.

मग आपण इतकी वर्षे ॲसिटिलीनच का वापरले? कारण ते गरम आहे. ऑक्सिजनबरोबर ३,१०० अंशांच्या आसपास. शिवाय सहज मिळे. कार्बाइडच्या खड्यांवर पाणी टाकले की गॅस तयार. लहान शेडमध्ये कार्बाइडचा जनरेटर आणि त्याचा तो लसणीसारखा वास, हे आमच्या पिढीच्या अंगात मुरलेले आहे. साध्या फ्लेम स्प्रेला ॲसिटिलीन आजही उत्तम आहे आणि कोणी ते सोडावे असे मी म्हणणार नाही.

पण ॲसिटिलीनचा एक स्वभावदोष आहे. ते दाब सोसत नाही. साधारण एक किलोच्या वर प्रेशर नेले की ऑक्सिजन नसतानाही ते आपल्याआपण फुटू शकते. म्हणून तर ते सिलिंडरमध्ये नुसते भरत नाहीत, सच्छिद्र भरावातल्या ॲसिटोनमध्ये विरघळवून ठेवतात. १९८०च्या सुमारास अमेरिकेत जेम्स ब्राउनिंग यांनी ज्या गनची रीत बसवली, तिला आपण एचव्हीओएफ, म्हणजे हाय व्हेलॉसिटी ऑक्सी-फ्युएल म्हणतो. त्या रीतीने सगळे गणित बदलले. इथे ज्योत उघड्यावर जळत नाही. बंद कक्षात, काही किलोच्या दाबाखाली जळते आणि गरम वायू अरुंद नळीतून आवाजापेक्षा कितीतरी वेगाने बाहेर फेकला जातो. त्या दाबाला ॲसिटिलीन चालत नाही. प्रोपेन, प्रोपिलीन, नैसर्गिक वायू, रॉकेल यांची वाट मोकळी झाली आणि हायड्रोजनचीही. दीडशे किलोच्या दाबावर सिलिंडरमध्ये बसणाऱ्या हायड्रोजनला गनमधला दाब म्हणजे काहीच नाही.

आता शूपसाहेबांच्या भिंतीवरच्या गोळीकडे परत येऊ.

गरम वायू नळीतून किती वेगाने सुटणार, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. तो किती गरम आहे आणि त्याचे रेणू किती हलके आहेत. हायड्रोजन जळून होते वाफ, तिचा रेणुभार १८. प्रोपेन जळून वाफेबरोबर कर्बवायूही होतो, त्याचा रेणुभार ४४. हायड्रोजन थोडा जास्त सोडला, तर न जळलेला हायड्रोजन झोतात उरतो, त्याचा रेणुभार २. साध्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर हायड्रोजनमध्ये जवळजवळ १,३००. हलक्या वायूत सगळेच चपळ असते.

इस्रोच्या क्रायोजेनिक इंजिनात हेच तत्त्व आहे. एक किलो हायड्रोजन पुरता जाळायला आठ किलो ऑक्सिजन लागतो. तरी त्या इंजिनात पाचाच्या आसपासच देतात. हायड्रोजन मुद्दाम जास्त ठेवतात, म्हणजे ज्योत थोडी थंड राहते आणि झोत हलका होतो. ५ जानेवारी २०१४ ला स्वदेशी क्रायोजेनिक इंजिन घेऊन जीएसएलव्ही श्रीहरिकोट्याहून यशस्वी उडाले, तेव्हा मी शेडमध्ये सगळ्यांना चहा पाजला होता. आमच्या बूथमधली गन आणि ते इंजिन, दोघांचे कूळ एकच. आमची गन हातभर लांब आहे एवढेच.

हा वेग कशाला हवा, ते एका कणाच्या बाबतीत पाहू.

आमच्याकडे सगळ्यात जास्त लागणारी पावडर म्हणजे टंगस्टन कार्बाइड, कोबाल्ट आणि क्रोमची. शंभर भागांत ८६ भाग कार्बाइड, १० कोबाल्ट, ४ क्रोम. एकेक दाणा १५ ते ४५ मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षा बारीक. आतून तो दाणा म्हणजे चिक्की आहे. कार्बाइडचे बारीक कण शेंगदाण्यांसारखे आणि कोबाल्ट गुळाच्या पाकासारखा त्यांना धरून. चिक्की करणारी बाई काय सांभाळते? पाक झाला पाहिजे, शेंगदाणा करपता कामा नये. आमचेही तेच. कोबाल्ट १,४९५ अंशांना वितळतो, तो मऊ झालाच पाहिजे, नाहीतर दाणा चपटा होऊन बसणार नाही. पण कार्बाइड टिकले पाहिजे. ते जास्त तापले की पाकात विरघळू लागते, त्यातला कार्बन जळून जातो आणि मागे एक ठिसूळ प्रकार उरतो. मोजल्यावर थर कठीण लागतो, पण कामाला लागला की खपल्या पडतात.

साध्या फ्लेम स्प्रेमध्ये पावडर सेकंदाला पन्नास-शंभर मीटरने जाते. ज्योतीत तिला वेळ फार मिळतो, करपायला पुरेसा. एचव्हीओएफमध्ये तोच दाणा ४०० ते ७०० मीटरने जातो. गनच्या तोंडापासून जॉबपर्यंत, म्हणजे थर द्यायच्या भागापर्यंत, साधारण एक वीत आणि चार बोटे अंतर. ते कापायला सेकंदाचा दोन हजारावा भाग. या एवढ्याशा वेळात पाक व्हायचा आणि शेंगदाणा वाचायचा. राहिलेले काम आदळण्याचा जोर करतो. म्हणून साध्या फ्लेम स्प्रेच्या थरात शंभरात दहा-पंधरा भाग पोकळी सापडते, तर चांगल्या एचव्हीओएफ थरात एकाहून कमी. चिकटण्याची ताकद पाहायला दोन ठोकळे गोंदाने जोडून ओढतात, तर बहुतेक वेळा गोंद तुटतो आणि थर जागचा हलत नाही.

म्हणून मी म्हणतो की या कामात इंधनाकडे नुसती उष्णता म्हणून पाहणे चूक आहे. ज्योत किती गरम, हा प्रश्न सरांच्या काळी पुरेसा होता. आज विचारायचे ते असे: दाणा समोर पोचला तेव्हा तो केवढा तापलेला होता आणि केवढ्या वेगात होता? हायड्रोजन या दोन्ही गोष्टी एकमेकींपासून थोड्या सुट्या करून देतो. त्यात काजळी नाही, म्हणून नॉझल चोक होत नाही. ऑक्सिजनचे प्रमाण थोडे इकडेतिकडे केले की ज्योतीचा स्वभाव बदलतो आणि तो बदल मोजता येतो. मात्र हायड्रोजन आहे म्हणून कार्बाइड आपोआप वाचते, या भ्रमात कोणी राहू नये. ऑक्सिजन सैल सोडला तर हायड्रोजनच्या ज्योतीतही पावडर करपते. मी करपवलेली आहे.

एवढे गुण असताना प्रत्येक शेडमध्ये हायड्रोजन का दिसत नाही? याचे उत्तर सिलिंडरच्या गणितात आहे आणि ते गणित न मांडता हायड्रोजनची स्तुती करणे मला प्रामाणिक वाटत नाही.

वजनाने पाहिले तर हायड्रोजनसारखे इंधन नाही. किलोला १२० मेगाज्यूल, प्रोपेनच्या अडीचपट. पण तो इतका विरळ की घनमीटरला पावणेअकराच मेगाज्यूल भरतात. ॲसिटिलीनमध्ये त्याच जागेत ५६ च्या आसपास, प्रोपेनमध्ये नव्वदच्या वर. लाल रंगाचा एक हायड्रोजनचा सिलिंडर घ्या. दीडशे किलोच्या दाबाला त्यात सुमारे सात घनमीटर वायू मावतो. त्या वायूचे वजन किती? सव्वासहाशे ग्रॅम. पन्नास-साठ किलोचे लोखंड हलवायचे ते एवढ्यासाठी. हायड्रोजनवर चालणारी एचव्हीओएफ गन मिनिटाला सहाशे ते सातशे लिटर वायू घेते. म्हणजे एक सिलिंडर दहा-अकरा मिनिटांत रिकामा. तासाभराच्या स्प्रेला सहा सिलिंडर. साध्या पावडर टॉर्चला ॲसिटिलीनचा एक सिलिंडर तीन-चार तास पुरतो.

आमच्या पहिल्या ट्रायलच्या वेळी आम्ही दोनच सिलिंडर जोडले होते. रोल अर्धा झाला आणि प्रेशर पडले. अर्धा थर गरम, अर्धा गार आणि मध्ये सांधा. तो रोल खरवडून पुन्हा ब्लास्टिंग करून पहिल्यापासून करावा लागला. त्या दिवसापासून मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडर एकत्र जोडणाऱ्या नळीवर, पूर्ण जॉबचा वायू आणि वर दोन सिलिंडर जास्त जोडल्याशिवाय आम्ही गन पेटवत नाही.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी या व्याख्यानाला मी हे नाव दिले.

हायड्रोजनला रंग नाही, वास नाही. घरच्या गॅसला मुद्दाम दुर्गंध घालतात, ॲसिटिलीनला तो असतोच; हायड्रोजन गळतो तेव्हा नाकाला काही कळत नाही. हवेत चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात तो पेट घेतो. पेटायला ठिणगी किती लागते? नैसर्गिक वायूला लागते तिच्या जवळजवळ पंधराव्या हिश्शाची. थंडीत स्वेटर काढताना जी चटचट होते, तीही पुरेशी. आणि पेटल्यावर दिवसाउजेडी ज्योत जवळजवळ दिसत नाही. तिच्यात काजळीचे तापलेले कण नसतात, त्यामुळे तिची धगही लांबून लागत नाही. हात आत जाईपर्यंत कळत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात ट्रायलला गेलो होतो. नाव घेत नाही. मॅनिफोल्डचा एक नट नीट बसला नव्हता. दुपारची वेळ, शटर उघडे, ऊन थेट आत. मला बारीक सूं असा आवाज येत होता. मी तो हवेच्या लाइनचा धरला. तिथला एक हेल्पर पाना घेऊन नट आवळायला पुढे झाला आणि त्याच्या बाहीचा काठ आपोआप काळा पडून आक्रसताना मी पाहिला. आग नाही, धूर नाही, नुसते कापड काळे होत गेले. तो किंचाळला तेव्हा कळले की नट मघापासून जळत होता. मनगट भाजले, तीन आठवडे कामावर येऊ शकला नाही. त्याच्या मनगटावरचा पांढरट डाग मी नंतर अनेकदा पाहिला. त्या मुलाला पाना घेऊन पुढे होण्याआधी थांबवणे माझे काम होते. आवाज मी ऐकला होता.

अमेरिकेत रॉकेटच्या चाचणीच्या मैदानांवर पूर्वी माणसे हायड्रोजनची आग शोधायला लांब दांड्याचा गवती झाडू पुढे धरून चालत. झाडूचे टोक पेटले की तिथे ज्योत आहे, हे कळे. आज अतिनील किरण ओळखणारे डिटेक्टर मिळतात, ते लावलेच पाहिजेत. तरीही आमच्या मॅनिफोल्डच्या खोलीत दाराशी एक केरसुणी टांगलेली आहे. नवीन मुलगा आला की पहिल्या दिवशी तिची गोष्ट सांगतो.

बाकीच्या काळज्या थोडक्यात. एलपीजी जड, तो जमिनीवर आणि खड्ड्यांत साचतो, म्हणून त्याच्यासाठी झरोके खाली ठेवतात. हायड्रोजन हलका, तो छताखाली साचतो. जुन्या एलपीजीच्या खोलीत हायड्रोजन ठेवायचा असेल तर छताला वाट करून द्या; खालच्या जाळीवर विसंबू नका. ज्वलनशील वायूंचे आटे डावे असतात आणि नटाला खाच असते. तो नट बळजबरीने दुसऱ्या रेग्युलेटरवर बसवणारे मी पाहिले आहेत. पेटवण्याआधी आणि विझवल्यानंतर लाइन नायट्रोजनने धुऊन घ्यायची. फ्लॅशबॅक अरेस्टर हायड्रोजनसाठीच बनवलेला हवा, कारण ही ज्योत उलट फिरली तर तिच्या वेगापुढे दुसरा टिकत नाही. सिलिंडरांचे नियम पाहणारी केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना आपल्या नागपुरातच आहे. शंका असेल तर विचारायला लाजू नये.

आता एक गोष्ट या विषयाच्या थोडी कडेची, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हार्ड क्रोम हे आपल्याकडचे मोठे काम. हायड्रॉलिक सिलिंडरचे रॉड, छपाईचे रोल, विमानांची चाके पेलणारे पाय. क्रोमच्या टाकीत वीज सोडली की तिच्यातली बरीचशी वीज क्रोम चढवण्याऐवजी पाण्यातून हायड्रोजन सोडण्यात जाते. त्यातला काही हायड्रोजन लोखंडात शिरतो आणि जास्त ताकदीचे स्टील त्यामुळे आतून ठिसूळ होते. म्हणून असा जॉब प्लेटिंगनंतर सुमारे १९० अंशांवर कित्येक तास भाजावा लागतो. शिवाय टाकीवर उठणारी वाफ सहासंयुजी क्रोमियमची आणि ते कर्करोगकारक. युरोपात क्रोमियम ट्रायॉक्साइड २१ सप्टेंबर २०१७ नंतर खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. विमानांच्या त्या पायांवर आता बऱ्याच ठिकाणी एचव्हीओएफचा कार्बाइडचा थर बसतो. म्हणजे बघा, टाकीत जो हायड्रोजन स्टीलचा वैरी होता, तोच गनमध्ये जळून वाफ होतो आणि स्टीलला कवच चढवून जातो. ज्यांनी क्रोमच्या टाकीवर नाकाला रुमाल बांधून वीस-वीस वर्षे काम केले, त्या माणसांची आठवण ठेवून मी हे सांगतो आहे.

अशा थराचे आणखी एक उदाहरण सांगतो. हिमाचलात सतलजवर नाथपा झाक्री हा १,५०० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प आहे. पावसाळ्यात नदी जो गाळ आणते, त्यात गारेचे कण फार असतात. पोलादी टर्बाइनची पाती त्या गाळाने खरवडून निघत. तिथे टंगस्टन कार्बाइडचा एचव्हीओएफ थर देऊ लागल्यावर पात्यांचे आयुष्य वाढले. आपल्याकडे गाळाची तेवढी पीडा नाही, पण उसाच्या मळीत आणि रसात येणारी माती काय करते, हे कारखान्याच्या पंपावर काम करणाऱ्याला विचारा.

शेवटचा प्रश्न सगळेच विचारतात. हायड्रोजन म्हणजे हरित इंधन ना? जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट. ही चांगलीच गोष्ट आहे. पण आपल्या शेडच्या दारात आज जो सिलिंडर उतरतो, तो कुठून आला ते विचारा. नैसर्गिक वायूपासून केलेला असेल, तर एक किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कर्बवायू तिकडे सुटलेला असतो. उष्णतेच्या हिशेबाने तो सरळ प्रोपेन जाळण्यापेक्षा जास्तच भरतो. विजेने पाण्यापासून केला, तर किलोला पन्नास-पंचावन्न युनिट लागतात. आमच्या गनच्या एका तासाला साडेतीन किलो हायड्रोजन, म्हणजे पावणेदोनशे ते दोनशे युनिट. ती वीज कोळशाच्या ग्रिडची असेल, तर कर्बवायू त्याच्या चार-पाचपट. सूर्याची असेल, तरच हिशेब स्वच्छ.

यात एक वाट मात्र मला आशेची वाटते. कॉस्टिक सोडा बनवताना हायड्रोजन आपोआप निघतो, टनामागे सुमारे पंचवीस किलो. तो काही ठिकाणी नीट वापरला जातो, काही ठिकाणी नुसता सोडला किंवा जाळला जातो. शेजारच्या रसायन वसाहतीतून असा हायड्रोजन मिळत असेल, तर पाच-सहा कोटिंगवाल्यांनी एकत्र येऊन त्याचा क्वाड, म्हणजे सिलिंडरांचा जुडगा, बांधून घ्यावा. एकट्याला न परवडणारी गोष्ट सहकारात परवडते, हे या जिल्ह्याला मी सांगायला नको.

तरीही माझा सल्ला स्पष्ट आहे. केवळ हरित म्हणवून घ्यायला हायड्रोजन आणू नका. ज्याला जस्त-ॲल्युमिनियमचे साधे थर द्यायचे आहेत, त्याने आहे ते इंधन ठेवावे. झिर्कोनियासारखी सिरॅमिक वितळवायची असेल, तर ही ज्योत पुरणार नाही, तिथे प्लाझ्माच लागतो. ज्याचे काम कार्बाइडचे आहे, ज्याच्याकडे बंद बूथ आहे आणि ज्याच्या माणसांना मीटर वाचायला शिकवण्याची तयारी आहे, त्याने मात्र जरूर यावे. ही ज्योत न्यूट्रल आहे की नाही, हे डोळा सांगणार नाही. फ्लोमीटर सांगेल, प्रेशर सांगेल आणि शेवटी कापून, घासून मायक्रोस्कोपखाली धरलेला नमुना सांगेल. रोजच्या जॉबबरोबर एक छोटी पट्टी स्प्रे करा, कापा, पाहा आणि वहीत लिहा. मी तीस वर्षे असे लिहीत आलो आहे. किती ऑक्सिजन, किती हायड्रोजन, किती अंतर, काय कडकपणा, कुठे सांधा दिसला. सरांची नजर इथे चालत नाही, ही वही मात्र चालते.

त्या वह्या मी आज इथे आणल्या आहेत, मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्या मुलांना हवे असेल त्यांनी उतरवून घ्यावे, फोटो काढावेत. आणि उद्या ज्यांच्या शेडमध्ये लाल सिलिंडर उतरणार आहे, त्यांनी पहिल्या दिवशी पहिली केरसुणी आणावी.